लोकनायक आणि लोकमत



यवतमाळात उभे राहून बापूजी अण्यांविषयी बोलणे म्हणजे काशीच्या माणसाला गंगा समजावून सांगण्यासारखे आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, कारण मोठ्या माणसाच्या गावात त्याचे नाव जितके शिल्लक राहते तितके त्याचे चरित्र राहत नाही. रस्त्याला नाव मिळते, महाविद्यालयाला नाव मिळते, जयंतीला हार पडतो, आणि त्या माणसाने कोणत्या प्रसंगी कोणाशी भांडण केले हे मात्र हळूहळू विसरले जाते. खरे पाहता भांडणांशिवाय राजकीय पुरुषाचे चरित्र म्हणजे मिठाशिवाय भाकरी होय.

या चरित्रात ‘लोक’ हा शब्द तीन वेळा येतो. अण्यांचे गुरू लोकमान्य, अण्यांचे पत्र ‘लोकमत’, आणि स्वतः अणे लोकनायक. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास त्यांनी यवतमाळहून साप्ताहिक काढले तेव्हा ‘लोकमत’ हे नाव टिळकांनीच सुचविले असे सांगतात. गंमत अशी की, ज्याने आपल्या पत्राला हे नाव दिले तो मनुष्य पुढे आयुष्यात एकदा नव्हे, निदान चार वेळा आपल्या काळच्या लोकमताच्या उलट तोंड करून उभा राहिला. हा हेकेखोरपणा होता, की लोकमत या शब्दाचा त्याने मनात धरलेला अर्थच काही निराळा होता, एवढाच आज आपला प्रश्न आहे.

आरंभ वणीपासून करावयास हवा. २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अण्यांचा जन्म वणीस झाला. आज वणी हे तालुक्याचे गाव आहे, पण त्या वेळी आपल्या सबंध जिल्ह्याला वणीचेच नाव होते. इंग्रजी दप्तरात ते ‘वून’ असे लिहीत. १९०५ साली सीमा बदलल्या, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. घराणे मूळचे तेलंगणातले, संस्कृत विद्येचे. पैनगंगेच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे तेलुगू अशा सरहद्दीवर अशी घराणी पुष्कळ होती. घरातल्या संस्कृताचा धागा या चरित्राच्या अगदी शेवटी पुन्हा हाती लागणार आहे.

वणीहून अधिक महत्त्वाचे होते ते वऱ्हाड. हा प्रांत १८५३ साली निजामाने कंपनी सरकारच्या हवाली केला, तो तैनाती फौजेच्या खर्चाच्या वसुलीसाठी. सावकाराकडे शेत गहाण पडावे तसा एक प्रांत गहाण पडला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी दुसरा करार करून वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा आणि सारा वऱ्हाडी कुणब्याचा, असा हा त्रिकोण होता. दोन्ही वेळा कागदावर सह्या झाल्या, पण ज्यांचा प्रांत इकडून तिकडे गेला त्या लोकांना कोणी विचारलेही नाही. दुसरा करार झाला त्याच वर्षी तरुण अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी. ए. झाले. अशा प्रांतात निघालेल्या पत्राचे नाव ‘लोकमत’ असावे यात नवल नाही. पुण्यामुंबईच्या वाचकाला ते साधे नाव वाटेल. वऱ्हाडात ती एक मागणी होती.

पदवीनंतर अण्यांनी काही वर्षे अमरावतीस शिक्षकी केली, कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली आणि १९०८च्या सुमारास यवतमाळास वकिली मांडली. शिक्षक, वकील, मग पत्रकार आणि मग पुढारी असा तो जिना होता. तो आपल्याकडेच होता असे मात्र नव्हे. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, सान हुआन नावाचे एक आडबाजूचे गाव आहे. तेथे १८३९ साली सार्मिएंतो नावाच्या तरुण शिक्षकाने ‘एल झोंडा’ हे साप्ताहिक काढले. प्रांताधिकाऱ्याची मर्जी फिरली आणि सहा अंकांत ते संपले. सार्मिएंतो परागंदा होऊन चिलीत गेला, तेथल्या वर्तमानपत्रांतून त्याने लेखणी चालविली, आणि १८४५ साली देशातील हुकूमशाहीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ वर्तमानपत्रातूनच क्रमशः छापला. पुढे तो आपल्याच सान हुआन प्रांताचा गव्हर्नर झाला आणि १८६८ ते १८७४ देशाचा अध्यक्ष. १८८८ साली तो वारला तेव्हा आमचे बापूजी आठ वर्षांचे होते. एकोणिसाव्या शतकात जगाच्या पाठीवर जेथे जेथे छापखाना तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला, तेथे तेथे राजकारणाचा दरवाजा त्या छापखान्यातून उघडला. तलवार नाही, जहागीर नाही, मतपेटीही अजून नाही. अशा माणसाजवळ दोन पानांचे पत्र हेच एक आसन असे.

पण सार्मिएंतो आणि अणे यांत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. सार्मिएंतोच्या मते शहर म्हणजे सुधारणा आणि रान म्हणजे रानटीपणा. आपल्याच देशातल्या गुराखी स्वारांविषयी आणि मूळच्या रहिवाशांविषयी त्याला तिरस्कार होता. अण्यांचे सर्वांत मोठे काम मात्र रानात झाले. त्याकडे आपण येऊच.

यवतमाळास वर्तमानपत्र नवे नव्हते. अकोल्याचे ‘वऱ्हाड समाचार’ १८६७पासूनचे, आणि खुद्द यवतमाळास पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांचे ‘हरिकिशोर’ हे पत्र ‘लोकमत’च्या आधी होऊन गेले होते. परंतु १९१०च्या प्रेस ॲक्टने मोफसल पत्रांचे कंबरडे मोडून ठेवले होते. नवा छापखाना घालणाऱ्याने पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन ठेवावा, मजकूर सरकारला खटकला की तो जप्त व्हावा, असा तो कायदा. लहान गावातल्या साप्ताहिकाच्या चालकाला जामिनाची ती रक्कम म्हणजे सगळे भांडवलच. त्यामुळे त्या काळी असे पत्र काढणारा माणूस बहुधा वकील असे. कायद्याच्या कोणत्या ओळीपर्यंत चालत जाता येते आणि कोठे थांबावे लागते हे त्याला ठाऊक असे, आणि पत्र बुडाले तरी चूल पेटण्यापुरती वकिली हाती असे. पत्र वर्गणीवर चाले, आणि वर्गणी कपाशीवर. बाजारात कापूस आला की वर्गणी येई. बोंडे सडली की संपादकाने स्मरणपत्रे लिहीत बसावे.

१९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली. तिच्या क्षेत्रात मध्यप्रांत-वऱ्हाड होते, आणि यवतमाळात अणे हे त्या चळवळीचे आधारस्तंभ झाले. ‘लोकमत’चा जन्म या हवेतला. टिळकांनी ‘केसरी’तून जे केले तेच लहान प्रमाणावर जिल्ह्यात करावयाचे, म्हणजे लोकांना काय वाटते ते सरकारला सांगावयाचे आणि लोकांना काय वाटावे ते लोकांना सांगावयाचे. ही दोन कामे एकच आहेत असे पुष्कळांना वाटते. तशी ती नाहीत. पहिल्या कामात लोकप्रियता मिळते, दुसऱ्यात बहुधा शिव्या मिळतात. अण्यांनी दोन्ही केली, आणि त्यांचे सगळे वाद दुसऱ्या कामातून निघाले.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव कायम केला. वऱ्हाडातल्या टिळकपक्षीयांची मोठी पंचाईत झाली. टिळकांची शिकवण प्रतियोगी सहकारितेची, म्हणजे सरकार देईल तेवढे घ्यावे, त्याचा पुरता उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी भांडत राहावे. गांधीजींचे सांगणे असे की कौन्सिल, कोर्ट, कॉलेज सगळेच सोडावे. दादासाहेब खापर्डे, डॉ. मुंजे यांना ते पटले नाही. अण्यांनाही पूर्ण पटले नव्हते, पण ते काँग्रेसबाहेर गेले नाहीत. १९२१पासून १९३०पर्यंत ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. घर सोडावयाचे नाही आणि घरातले मत लपवावयाचेही नाही, ही त्यांची रीत येथून सुरू होते.

पहिला उघड खटका कौन्सिलांवरून उडाला. १९२३ साली दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात जावयाचे, पण अडवणूक करण्यासाठी. अणे वऱ्हाडातून दिल्लीच्या असेंब्लीत निवडून गेले. १९२५ साली अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत सरकारात अधिकारपद स्वीकारले आणि पक्षात एकच गहजब झाला. मोतीलालजी संतापले. केळकर, जयकर, मुंजे आणि अणे यांनी मात्र उलट प्रश्न केला की, अडवणुकीने दोन वर्षांत काय साधले ते सांगा. १९२६च्या आरंभी अकोल्यास प्रतियोगी सहकार पक्षाची बांधणी झाली ती या वादातून. या चौघांना पदाचा मोह झाला असे तेव्हा बोलले गेले. अण्यांपुरते बोलावयाचे तर चार वर्षांनी काय झाले ते पाहावे म्हणजे त्या आरोपाचे उत्तर मिळते.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या, त्या धावत सांगतो. १९२८ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी हिंदुस्थानची भावी घटना आखण्यासाठी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली जी समिती बसली, तिच्यातही यवतमाळचे अणे होते. दोन वर्षांपूर्वी ज्या मोतीलालजींशी वितुष्ट आले, त्यांच्याच शेजारी बसून त्यांनी काम केले. सप्रू, सर अली इमाम, सुभाषबाबू यांच्या पंक्तीला आपल्या जिल्ह्यातला वकील बसला होता, आणि तो घटनेच्या कलमांवर बोलत होता.

आता १९३०.

मार्चमध्ये गांधीजी दांडीस निघाले. देश मिठासाठी पेटला, पण वऱ्हाडास समुद्र कोठला? अकोला जिल्ह्यात दहिहंड्यास खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत, तेथे मीठ काढून कायदा मोडण्यात आला. यवतमाळ जिल्ह्यात तेही नव्हते. येथे काय होते? येथे सागवानाचे डोंगर होते आणि डोंगरांखाली कपाशीची काळी जमीन होती. कपाशीला बैल लागतात आणि बैलाला गवत लागते. ते गवत १८७८च्या आणि पुढे १९२७च्या जंगल कायद्याने राखीव रानात गेले होते. गुरे चारावयाची तर जनावरामागे फी, गवत कापावयाचे तर परवाना, आणि परवान्याच्या मागे जंगलखात्याचा नाकेदार. ज्या डोंगरावर आजा-पणजाची गुरे चरली तेथे नातवाने पास दाखवावयाचा. कोलामाच्या पोडावर आणि गोंडाच्या पाड्यावर तर जंगल म्हणजेच संसार. मिठाचा कर घरोघर लागू होता खरा, पण तो पैशाआड लपलेला. गवताचा जाच रोज सकाळी गोठ्यात उभा असे.

म्हणून वऱ्हाडच्या काँग्रेसने जंगल सत्याग्रह निवडला. मला यात पत्रकाराची नजर दिसते. चांगल्या संपादकाला कळते की, दिल्लीची बातमी वाचकाच्या दाराशी आणावयाची तर तिला दारातलाच शब्द लागतो. मिठाचा शब्द यवतमाळच्या दारात नव्हता, गवताचा होता. अणे असेंब्लीतली जागा सोडून परत आले आणि १० जुलै १९३० रोजी पुसदला स्वयंसेवकांची तुकडी घेऊन राखीव रानात शिरले. हातात विळे होते. गवत कापले. पोलिसांनी पकडले आणि चोरीच्या कलमाखाली खटला भरला. पन्नाशीला आलेला, असेंब्लीत अर्थसंकल्पावर बोलणारा, घटना समितीचा सदस्य असलेला वकील गवताचा चोर ठरला आणि सहा महिने तुरुंगात गेला. सरकारला या आरोपातला विनोद कळला नसावा. लोकांना तो बरोबर कळला. जुलै संपण्याच्या आत, २१ तारखेला, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह करून शिक्षा घेतली. पाहता पाहता ही चळवळ वऱ्हाडभर आणि मध्यप्रांतातल्या गोंडांच्या मुलखापर्यंत पसरली.

अधिकारपद स्वीकारावे म्हणणारा माणूस चार वर्षांत तुरुंगात कसा, असे तेव्हा काहींनी विचारले असेल. मला त्यात विसंगती वाटत नाही. सहकार प्रतियोगी म्हटला की समोरच्याने हात आखडला की आपणही तो आखडावा हे त्यातच आले. ज्यांनी ‘सहकारिता’ तेवढी ऐकली आणि ‘प्रतियोगी’ ऐकलेच नाही, त्यांनाच ती विसंगती वाटते.

तुरुंगातून आलेल्या अण्यांची पत वाढली. १९३१ साली बंगालच्या काँग्रेसमध्ये सुभाषबाबू आणि सेनगुप्त यांची दुफळी झाली तेव्हा निवाडा करण्यास कार्यकारिणीने त्यांनाच पाठविले. बंगालच्या भांडणात वऱ्हाडी पंच! पुढे दडपशाहीत एकेक अध्यक्ष पकडला जाऊ लागला, आणि १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद अण्यांकडे आले. त्याच पदावरून त्यांना त्यांच्या आयुष्यातले सर्वांत नावडते काम करावे लागले. मे महिन्यात गांधीजींनी उपवास आरंभिला, त्यांची सुटका झाली, आणि त्यांच्या सल्ल्याने अण्यांनी कायदेभंग सहा आठवडे तहकूब केल्याचे जाहीर केले. जुलैत पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून फक्त वैयक्तिक सत्याग्रह चालू ठेवण्याचा आदेश त्यांच्याच सहीने निघाला, आणि काँग्रेसच्या कमिट्याही बरखास्त झाल्या. व्हिएन्नाहून विठ्ठलभाई पटेल आणि सुभाषबाबू यांनी मे महिन्यातच पत्रक काढून गांधीजींचे नेतृत्व फसले असे सांगितले होते. तरुणांचा रोष गांधीजींच्या अंगाला फारसा लागत नसे. तो सही करणाऱ्याच्या अंगाला लागे. अण्यांनी त्यावर कैफियत दिली नाही. ऑगस्टात ते स्वतः सोबत्यांसह वैयक्तिक सत्याग्रहास निघाले आणि पुन्हा गजाआड गेले. सैन्याला माघारीचा हुकूम देऊन सेनापतीने एकट्याने पुढे चालत जावे तसा तो प्रकार होता.

१९३४चा तंटा जातीय निवाड्याचा. मॅकडोनाल्डने १९३२ साली दिलेल्या त्या निवाड्याने मतदारसंघ धर्मवार वाटले होते. काँग्रेसने ठरविले की आपण तो स्वीकारतही नाही आणि नाकारतही नाही. पंडित मालवीय आणि अणे म्हणाले, असे कसे होईल? ज्या गोष्टीने देश दुभंगेल असे तुम्हीच म्हणता, तिच्याविषयी मौन कसले? दोघांनी काँग्रेसच्या मंडळांतून अंग काढले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष उभारला. अणे पुन्हा असेंब्लीत गेले. अण्यांचा हिंदुमहासभेशी निकटचा संबंध होता, आणि त्यांच्या टीकेत एकाच समाजाची बाजू अधिक दिसे, असा आक्षेप आहे. तो अगदी निराधार नाही. परंतु मौन हे धोरण होऊ शकत नाही हा त्यांचा मुद्दा पुढल्या तेरा वर्षांनी खोटा ठरविला असेही म्हणता येत नाही.

येथवर मी त्यांची वकिली केली असे कोणी म्हणेल. आता ती थांबवितो, कारण पुढचे प्रकरण त्यांच्या भक्तांना नेहमी अवघड जाते.

१९४१ साली महायुद्ध चालू असता व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ वाढविले आणि त्यात हिंदी सभासदांची भर घातली. समुद्रापलीकडच्या हिंदी लोकांचे खाते अण्यांनी स्वीकारले. काँग्रेसचे लोक वैयक्तिक सत्याग्रह करून तुरुंगात जात होते, आणि पुसदचा गवतचोर लिनलिथगोच्या मंडळात जाऊन बसला. त्यांचा हिशेब जुनाच होता : मिळेल ते घ्यावे आणि वापरावे. पण माझ्या मते तो हिशेब येथे चुकला. १९२६च्या मंत्र्याला निदान कौन्सिलापुढे उभे राहावे लागे. १९४१च्या सभासदाला व्हाइसरॉयखेरीज कोणाचे बंधन नव्हते, आणि म्हणून त्याच्या हातात खरी सत्ताही नव्हती. ज्या सरकारला लोकमत विचारावयाचेच नाही, त्याच्या आत जाऊन ‘लोकमत’चा संपादक काय करणार?

उत्तर लवकरच मिळाले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजी आणि सगळी कार्यकारिणी पकडली गेली. ती धरपकड ज्या मंडळाच्या नावाने झाली त्यात अणे होते. आठवड्याभरात चांदा जिल्ह्यातले चिमूर पेटले; तेथे अधिकारी मारले गेले, आणि मागाहून आलेल्या फौजफाट्याने गावावर सूड घेतला. स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. चिमूर वणीपासून फार दूर नव्हे. सेवाग्रामचे प्रा. भणसाळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीस गेले, आणि त्यांनी उपोषणाला जागा निवडली ती अण्यांच्या बंगल्याची. सरकारात आपल्या मुलखाचा माणूस हाच, म्हणून त्याच्याच दारात बसावयाचे. मोठी विलक्षण वेळ होती ती! तक्रार घेऊन आपल्या ओसरीवर आलेल्या माणसाला घरधनी नाही म्हणू शकत नव्हता, आणि त्याचे मागणे पुरे करण्याची ताकदही त्याच्यात नव्हती. भणसाळींना पकडून परत पाठविण्यात आले. त्यांनी उपोषण सोडले नाही. ते त्रेसष्ट दिवस चालले आणि जानेवारी १९४३मध्ये संपले.

त्यानंतर महिनाभरात, १० फेब्रुवारी १९४३ रोजी, आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. त्यांना सोडावे असे मंडळातल्या काही हिंदी सभासदांचे मत पडले. ते मानले गेले नाही. तेव्हा अणे, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. उशीर झाला होता हे खरेच. परंतु त्या मंडळात आणखीही हिंदी सभासद होते आणि ते बसून राहिले, हेही नोंदवावयास हवे. प्रतियोगी सहकारितेचा दुसरा अर्धा भाग अण्यांना शेवटी आठवला असे मी म्हणेन. त्यांच्या बाजूने याहून अधिक काही मला म्हणता येत नाही.

यापुढची वाट सरळ आहे. १९४३ ते १९४७ ते सिलोनात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. तेथल्या चहामळ्यांत राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांच्या नागरिकत्वाचा प्रश्न तेव्हाही चिघळलेला होता आणि पुढेही कित्येक वर्षे सुटला नाही. परत आल्यावर ते संविधान सभेत बसले, आणि जानेवारी १९४८पासून जून १९५२पर्यंत बिहारचे राज्यपाल झाले. सान हुआनचा संपादक गव्हर्नर झाला तो आपल्याच प्रांताचा. यवतमाळचा झाला तो पाटण्यास.

पाटण्याहून परतलेला सत्तरीपार गेलेला माणूस विसावा घेईल असे कोणासही वाटले असते. पण वऱ्हाडचा जुना प्रश्न पुन्हा उभा होता. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली, ती मानली गेली नाही; १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मराठी मुलखात त्या काळी संयुक्त महाराष्ट्राचे वारे असे होते की त्याच्या विरुद्ध बोलणे म्हणजे मराठीशी द्रोह ठरे. अणे बोलले. ग्वाल्हेरच्या मराठी संमेलनाचा अध्यक्ष वेगळा विदर्भ मागत होता, आणि त्याला त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हते. भाषा एक असली म्हणजे राज्य एकच असले पाहिजे हे त्यांना मान्य नव्हते. १९५९ साली नागपूरच्या पोटनिवडणुकीत वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ते लोकसभेवर निवडून आले, आणि १९६२ साली पुन्हा, अपक्ष म्हणून. त्यांची मागणी बरोबर होती की नाही यावर या सभागृहात आजही दोन मते असतील, आणि ती असू द्यावीत. मला त्यामागे १८५३ आणि १९०२चे करार दिसतात. प्रांत तिसऱ्यांदा हात बदलत होता, आणि या वेळी तरी तेथल्या लोकांना विचारा असे म्हणणारा एक म्हातारा उभा होता.

‘लोकमत’ या नावाचे पुढे काय झाले हे आपण जाणता. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळहून ते साप्ताहिक पुन्हा सुरू केले, आणि १५ डिसेंबर १९७१पासून नागपुरात त्याचे दैनिक झाले. अण्यांनी ते दैनिक पाहिले नाही. आयुष्याच्या उत्तरकाळात ते दुसऱ्याच लेखनात गढले होते, आणि येथे वणीच्या घरातला तो धागा पुन्हा हाती येतो. वर्तमानपत्राचा मजकूर आठवड्यात शिळा होतो. या संपादकाने म्हातारपणी अशी भाषा घेतली की जिच्यात काही शिळे होत नाही, पण वाचकही फारसा उरलेला नसतो. ‘तिलकयशोर्णव’ हे टिळकांचे संस्कृत चरित्रकाव्य, सुमारे बारा हजार श्लोकांचे. वर्गणीदार नाहीत, जामीन नाही, टपालाची घाई नाही. रोज काही श्लोक रचावयाचे. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताकदिनी, बापूजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. ते काव्य त्यांच्या मागे तीन खंडांत छापून निघाले, आणि १९७३ साली त्याला साहित्य अकादमीचे संस्कृतचे पारितोषिक मिळाले.